राखून न ठेवलेला डाव

आपल्याकडील तालमींतून पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जाते. एका वस्तादाने आपल्या लाडक्या पट्ठ्याला सर्व डाव शिकविले. पण एक तेवढा राखून ठेवला. पुढे तोच पट्ठा उन्मत्त होऊन भर दरबारात गुरूला आव्हान देऊ लागला, तेव्हा त्या राखून ठेवलेल्या डावानेच वस्तादाने त्याला अस्मान दाखविले. गोष्टीचे तात्पर्य आपण शिष्याच्या अंगाने काढतो : गुरूशी उद्दामपणा करू नये. पण गुरूच्या अंगाने पाहिले तर याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. राखून ठेवलेला तो डाव अखेर वस्तादाबरोबरच चितेवर जातो. वस्तादाची लाज राखली जाते, विद्या मात्र एका डावाने उणी होते.

ज्याने एकही डाव राखून ठेवला नाही, किंबहुना आपली सारी विद्या छापून कोणाच्याही हाती पडेल अशी केली, अशा एका वस्तादाचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. हा वस्ताद ना कोल्हापूरचा, ना बेळगावचा. तो अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याचा. नाव एडवर्ड क्लार्क गॅलॅगर. आपल्या वाचनालयाच्या शताब्दीग्रंथात या परक्या मल्लगुरूला स्थान कशासाठी, असा प्रश्न सभासदांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस आपोआप मिळेल, अशी आशा आहे.

गॅलॅगर यांचा जन्म 1887 साली कॅन्सस राज्यातील पर्थ या खेड्यात झाला. शिक्षणासाठी ते ओक्लाहोमातील स्टिलवॉटर या लहानशा गावी आले. तेथे 1890 साली स्थापन झालेले कृषी व यांत्रिकी महाविद्यालय होते. ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळाला तोच मुळी 1907 साली. म्हणजे सारा प्रदेशच नव्याने वसत होता. गॅलॅगर यांनी 1909 साली अभियांत्रिकीची पदवी घेतली. विद्यार्थिदशेत त्यांचे नाव गाजत होते ते फुटबॉलपटू आणि वेगवान धावपटू म्हणून. मल्ल म्हणून नव्हे. ही बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याने पुढे पाव शतक अमेरिकेच्या महाविद्यालयीन कुस्तीवर राज्य केले, त्याच्या पाठीशी कोणत्याही नामांकित आखाड्याचा वारसा नव्हता.

1916 साली आपल्याच महाविद्यालयात त्यांनी कुस्तीच्या मार्गदर्शकाची जबाबदारी स्वीकारली. वारसा नसल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट मुळापासून तपासावी लागली, आणि येथे त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण कामी आले. तरफ, टेकू, भार आणि तोल ही जी तत्त्वे यंत्राला लागू पडतात, ती मानवी शरीरालाही लागू पडतात, या दृष्टीने त्यांनी मल्लविद्येकडे पाहिले. प्रतिस्पर्ध्याचा हात कोठे धरला असता कमीत कमी जोरात त्याचा अधिकाधिक तोल जाईल, त्याच्या अंगचा जोर त्याच्यावरच कसा उलटविता येईल, याचा त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला. अशा रीतीने त्यांनी 300 हून अधिक पकडी व डाव यांची मांडणी केली. आपल्याकडील मुरलेला वस्ताद जे अंगच्या सवयीने जाणतो आणि हाताला हात लावून शिकवितो, तेच गॅलॅगर यांनी कारणासहित शब्दांत आणले.

याला एक व्यावहारिक गरजही होती. तालमीत मुलगा लहानपणी येतो आणि वस्तादापाशी दहा-पंधरा वर्षे राहतो. महाविद्यालयातील विद्यार्थी मात्र चार वर्षांचा पाहुणा. आज आला आणि पदवी घेऊन उद्या गेला. एवढ्या अवधीत शेतकऱ्याच्या पोरातून मल्ल घडवावयाचा, तर केवळ मेहनतीवर विसंबून भागत नाही. डाव समजावूनच द्यावा लागतो. गॅलॅगर हे या अर्थाने वस्ताद तर होतेच, पण त्याहीपेक्षा शिक्षक होते.

त्यांच्या शिकवणीचे फळ आकड्यांत पाहावयाचे तर ते असे. तेथील आंतरमहाविद्यालयीन सामन्यात दोन संघ समोरासमोर येतात आणि प्रत्येक वजनगटात दोन्ही बाजूंचा एकेक मल्ल लढतो. गॅलॅगर यांच्या कारकिर्दीत त्यांच्या संघाने असे 138 सामने जिंकले, 4 बरोबरीत सोडविले आणि केवळ 5 गमावले. महाविद्यालयांची राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा 1928 साली सुरू झाली. तेव्हापासून 1940 पर्यंतच्या 13 स्पर्धांपैकी 11 स्पर्धांचे सांघिक विजेतेपद स्टिलवॉटरकडे गेले. 1932 साली इंडियाना आणि 1936 साली शेजारचे ओक्लाहोमा विद्यापीठ, एवढेच काय ते अपवाद. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक व्हॅन बेबर आणि बॉबी पिअर्स या त्यांच्या दोन शिष्यांनी सुवर्णपदके मिळविली. 1936 साली बर्लिन येथे फ्रँक लुईस यांनी त्यांत तिसऱ्याची भर घातली.

परंतु माझ्या मते या आकड्यांहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. 1925 साली, म्हणजे आपला संघ अजिंक्य म्हणून गाजत असतानाच, गॅलॅगर यांनी हौशी कुस्तीवर पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. ज्या विद्येच्या बळावर प्रतिस्पर्धी महाविद्यालयांना धूळ चारावयाची, तीच विद्या त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवण्यासारखे हे होते. शिष्यांच्या बाबतीतही तेच. क्लिफ कीन हा त्यांचा पट्ठा 1925 साली मिशिगन विद्यापीठात मार्गदर्शक झाला आणि 1970 पर्यंत त्या पदावर राहिला. तीनदा राष्ट्रीय विजेता ठरलेला रेक्स पिअरी पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात मल्ल घडवू लागला. त्याच्या ह्यू आणि एड या दोन मुलांनीही प्रत्येकी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. गुरूचे डाव असे दुसऱ्यांच्या आखाड्यांत जाऊन वाढले.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत गॅलॅगर यांना कंपवाताने गाठले. ज्याने शेकडो तरुणांना शरीराचा तोल आणि त्यावरील हुकमत शिकविली, त्याच्या स्वतःच्या शरीरावरील हुकमत हळूहळू सुटत चालली. दैवाचा हा डाव क्रूरच म्हणावा लागेल. येथेच त्यांच्या पद्धतीची खरी कसोटी लागली. ज्याची विद्या केवळ स्नायूंत असते, त्याचे शिकविणे स्नायूंबरोबर थांबते. गॅलॅगर यांची विद्या समजुतीत उतरलेली होती. म्हणून आजारपणातही 1937 ते 1940 अशी सलग चार राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या संघाने मिळविली. 1939 साली महाविद्यालयाच्या नव्या क्रीडागृहाला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले. 28 ऑगस्ट 1940 रोजी, वयाची 53 वर्षे पूर्ण होण्यास अवघे काही दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले.

वस्ताद गेला, पण तालीम ओस पडली नाही. आर्ट ग्रिफिथ यांनी सूत्रे हाती घेतली आणि 1937 साली सुरू झालेली सलग विजयांची मालिका 1951 पर्यंत 76 सामन्यांवर नेली. 1957 साली त्या महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले. क्रीडागृहाच्या नावात 1987 साली बास्केटबॉलचे मार्गदर्शक हेन्री आयबा यांचे नाव जोडले गेले. गॅलॅगर यांचे नाव मात्र कायम राहिले.

आपल्या खाशाबा जाधवांचे या संदर्भात स्मरण होणे साहजिक आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी 1948 साली लंडनला गेला, तेव्हा लाल मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटवरील कुस्ती आणि तिचे नियम नवे होते. तेथे तो सहावा आला. चारच वर्षांनी हेलसिंकी येथे त्याने कांस्यपदक मिळविले. अंगात रग आणि डोक्यात बुद्धी आपल्याकडे कधीच कमी नव्हती. कमी होती ती लिहून ठेवलेली, हाती सहज येणारी विद्या. आपल्या भागातील कितीतरी नामांकित वस्तादांचे डाव त्यांच्याबरोबर गेले. त्यांची नोंद कोणी केली नाही.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे वाचनालय उभारले, त्यांनी तरी दुसरे काय केले? घरच्या कपाटात राखून ठेवता आले असते असे ग्रंथ त्यांनी चार लोकांसाठी खुल्या फळीवर आणून मांडले. स्टिलवॉटरच्या त्या अभियंत्याचे आणि आपल्या संस्थापकांचे गोत्र एकच आहे. त्या गोत्राचा वारसा सांगावयाचा असेल, तर आपल्यापाशी राखून ठेवलेला एखादा डाव आपणही वेळीच या फळीवर आणून ठेवला पाहिजे.