श्रीमंत उमाबाईसाहेब दाभाडे : गडाला पायऱ्या देणारी देवीभक्त

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ म्हणून श्रीक्षेत्र सप्तशृंगगड सर्वत्र प्रसिद्ध आहे. नांदुरीहून गडापर्यंत आता पक्का घाटरस्ता आहे व २०१८ पासून वरच्या टप्प्यासाठी फ्युनिक्युलर ट्रॉलीचीही सोय झाली आहे. तथापि पहिल्या पायरीला मस्तक टेकवून पायी वर जाण्याची परंपरा भाविकांनी सोडलेली नाही. या सुमारे ४७० पायऱ्या बांधविण्याचे पुण्यकार्य परंपरेने श्रीमंत उमाबाईसाहेब दाभाडे यांच्या नावे सांगितले जाते.

उमाबाईंचे माहेर गडाच्याच परिसरातील अभोणे येथील ठोके देशमुखांचे. देवराव ठोके देशमुख हे त्यांचे वडील. तळेगावचे खंडेराव दाभाडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापतिपद दिले आणि गुजरातच्या स्वारीत दाभाडे घराण्याचा मोठा लौकिक झाला. सासर वैभवाचे असले तरी माहेरच्या डोंगरावरील आईचा उमाबाईंना विसर पडला नाही. शिखराखालच्या उभ्या कड्यात वसलेल्या भगवतीच्या दर्शनासाठी भाविकांना मोठे कष्ट सोसावे लागत. वृद्ध, स्त्रिया व मुले यांनाही मातेचे दर्शन सुलभ व्हावे, हेच या पायऱ्यांचे प्रयोजन होय.

पुढील आयुष्यात दैवाने त्यांची कठोर परीक्षा पाहिली. १७२९ मध्ये खंडेरावांचे निधन झाले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत, बाजीराव पेशव्यांच्या सैन्याशी लढताना, ज्येष्ठ पुत्र सेनापती त्रिंबकराव धारातीर्थी पडले. शाहू महाराजांनी सांत्वन करून सेनापतिपद द्वितीय पुत्र यशवंतराव यांना दिले. ते वयाने लहान असल्याने सर्व कारभार उमाबाईंवर आला. १७३२ मध्ये दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांची डाकोर येथे हत्या झाली, तेव्हा पुत्रशोक गिळून या मातेने स्वतः गुजरातवर स्वारी केली आणि अहमदाबादेपर्यंत धडक मारली. अखेर मोगल सुभेदार अभयसिंहास चौथ व सरदेशमुखी मान्य करावी लागली.

परंतु सत्ता स्थिर राहिली नाही. शाहू महाराजांच्या पश्चात गुजरातच्या उत्पन्नावरून पेशव्यांशी वाद विकोपास गेला. १७५१ मध्ये दाभाडे कुटुंबास कैद झाली आणि घराण्याचे वैभव ओसरले. २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुणे येथे उमाबाईंचे देहावसान झाले. तळेगाव दाभाडे येथील श्री बनेश्वर मंदिराच्या परिसरात त्यांची समाधी आहे.

सेनापतिपद गेले, गुजरातचा मुलूख गेला. देवीच्या चरणी वाहिलेली सेवा मात्र टिकून राहिली. चैत्रोत्सवात खानदेशातून पायी येणारे लाखो भाविक आणि नवरात्रात अष्टादशभुजा भगवतीपुढे नतमस्तक होणारे यात्रेकरू आजही त्याच वाटेने चढतात. त्यांतील अनेकांना उमाबाईंचे नावही ठाऊक नसते. दात्याचे नाव न विचारता प्रत्येकाच्या उपयोगी पडावे, हेच खऱ्या दानाचे लक्षण आहे.

गड चढताना पायरीवर क्षणभर विसावणाऱ्या भाविकांनी जगदंबेच्या नामघोषासह या थोर मातेचेही कृतज्ञ स्मरण करावे.