मुक्तांगणाच्या डॉ. अनिताबाई अवचट

भिशीच्या दिवशी एखादी भगिनी आली नाही, म्हणजे आपण वहीत तिच्या नावापुढे खूण करतो आणि पुढच्या नावाकडे वळतो. आदल्या रात्री तिच्या घरी काय झाले हे सगळ्या गल्लीने ऐकलेले असते. पण विचारणे आपल्याला प्रशस्त वाटत नाही, आणि तीही सांगत नाही. दारू नवरा पितो आणि मान तिची खाली जाते. मंडळाच्या वर्धापनदिनी अशाच घरांसाठी आयुष्य वेचलेल्या एका डॉक्टर बाईंचे स्मरण करावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

डॉ. अनिता अवचट, घरच्यांच्या सुनंदा, यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याला झाले. लेखक डॉ. अनिल अवचट हे त्यांचे पती. अनिलरावांचा ओढा डॉक्टरकीपेक्षा लेखनाकडे व समाजकार्याकडे होता. तेव्हा संसाराच्या मिळकतीचा भार अनिताबाईंनी नोकरी करून उचलला, आणि घर व दोन मुलींकडे अनिलरावांनी पाहिले. त्या काळी असा संसार मांडणे सोपे नव्हते. परंतु त्याचा गाजावाजा न करता दोघांनी तो सुखाने केला.

अनिताबाई मनोविकारतज्ज्ञ म्हणून येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करीत. १९८० नंतर पुण्या-मुंबईत गर्द नावाचे विष पसरले, आणि चांगल्या घरची तरुण मुले त्यापायी वाया जाऊ लागली. अनिलरावांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून श्री. पु. ल. देशपांडे व सौ. सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि व्यसनमुक्तीचे केंद्र काढण्यासाठी त्यांनी देणगी पुढे केली. पैसा मिळाला, तरी माणसे उभी करणारे कोणी तरी हवे होते. ते काम अनिताबाईंनी अंगावर घेतले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. पुढे तेथे गर्दबरोबर दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने येऊ लागले.

व्यसनी माणसाला कोंडावे, धाकात ठेवावे, असा तेव्हा पुष्कळांचा समज होता. अनिताबाईंनी त्याला माणूस म्हणून वागविले. मारहाण नाही, अपमान नाही. केंद्रातील कामे रुग्णांनीच वाटून घ्यायची, एकत्र बसायचे, एकमेकांपुढे मन मोकळे करायचे, अशी रीत पडली. बरे झालेल्यांतीलच काही जण पुढे तेथे कार्यकर्ते झाले आणि नव्याने आलेल्यांचा हात धरू लागले.

यातील मर्म आपण ध्यानात घ्यावे. दारू पिणाऱ्याजवळ सबबींचा तोटा नसतो. आईला एक सांगतो, बायकोला दुसरी, डॉक्टरला तिसरी. पण ज्याने स्वतः त्याच सबबी सांगितल्या आहेत, त्याच्यापुढे त्या टिकत नाहीत. शिवाय तो समोर धडधाकट बसलेला असतो. त्याला जमले, मग मला का जमू नये, ही आशा उपदेशाने येत नाही, त्याला पाहून येते.

हाच अनुभव अमेरिकेत १९३५ साली बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींना आला. एकमेकांशी बोलताना दारूपासून दूर राहता येते असे त्यांना दिसले, आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचा जन्म झाला. १९५७ पासून तिचे काम भारतात आहे. तिच्या सभांना फी नसते, आडनाव विचारीत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. बिल यांच्या पत्नी लोईस यांनी १९५१ साली घरच्या माणसांसाठी ‘अल-अनॉन’ ही निराळी संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. कारण नवऱ्याच्या दारूने बायकोचेही मन आजारी पडते, तिलाही बोलायला जागा लागते. मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, तो याच जाणिवेचा.

अनिताबाईंना पुढे कर्करोगाने गाठले. दुखणे अंगावर असतानाही त्यांचे रुग्णांकडे लक्ष असे. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्या मागे काम थांबले नाही. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते पुढे चालविले. लावलेले रोप आपल्यावाचूनही वाढावे, याहून मोठे यश कोणते?

भगिनींनो, निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी ठरविले तर गावातील दारूचे दुकान बंद करता येते, हे आपण जाणतो. बाटली आडवी होते, ते चांगलेच. पण दुकान बंद झाले म्हणून तहान बंद होत नाही. माणूस शेजारच्या गावी जातो. म्हणून त्याला सभेची वाटही दाखविली पाहिजे.

ती वाट आपल्या कोडोलीहून फार लांब नाही. कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात मनोविकारांच्या डॉक्टरांना भेटावे आणि जवळची सभा कोठे व कोणत्या वारी भरते, हे तेथेच विचारावे. १४४४६ हा सरकारचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक व्यसनमुक्तीसाठीच आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू तोडू नये. हातपाय कापणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार होऊन जिवावर बेतते. आणि पहिल्या सभेला तो येणार नाही म्हणाला, तर पत्नीने आपल्यासाठी मदत शोधायला त्याच्यासाठी थांबू नये.

सोबतीला कोण, हा प्रश्न तिला पडेल. तेथे मंडळाचे काम सुरू होते. पुढच्या भिशीला जी येणार नाही, तिच्या नावापुढे नुसती खूण न करता आपल्यापैकी दोघींनी संध्याकाळी तिच्या दारी जावे, चहा घ्यावा, चौकशी करू नये, आणि निघताना एवढेच सांगावे, की कोल्हापूरला जायचे ठरले तर आम्ही बरोबर येतो. अनिताबाईंचे स्मरण आपल्या हातून याहून चांगले होणार नाही.