मिठाच्या पाण्यातले हात: ईसीजीचे जनक विलेम आइंटहोवेन

मे महिन्यात मौद्याला एखाद्या शेतकऱ्याच्या छातीवर चोवीस तासांच्या ईसीजीसाठी चिकटपट्ट्या लावल्या, की खरी परीक्षा मशीनची नसते, पट्टीची असते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात घाम सुटतो, गोंद सैल होतो, पट्टी हलते आणि आलेखात भलत्याच लाटा उमटतात. त्वचा आणि धातू यांचा हा संबंध जुळवायचा कसा, हा प्रश्न ईसीजीच्या जन्मापासूनचा आहे. ज्यांनी ईसीजी दवाखान्यात आणला, त्या विलेम आइंटहोवेन यांनी तो सोडवला नाही, चक्क टाळला. कसा, ते बघू.

आइंटहोवेन डच, पण जन्म जावा बेटावरच्या सेमारंगचा, 21 मे 1860 चा. वडील डॉक्टर होते, ते लवकर गेले. 1870 मध्ये आई सहा मुलांना घेऊन नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला परतली. विलेम तिथंच डॉक्टरकी शिकले आणि विशीतच लायडेन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

हृदयाची वीज त्वचेवरून टिपण्याचं काम त्यांच्याआधी, 1887 मध्ये, लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी केलं होतं. वॉलर आपल्या जिमी नावाच्या कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून ते दाखवायचे. पण त्यांचं उपकरण पाऱ्याचं आणि भलतंच सुस्त. आइंटहोवेन यांनी त्याच उपकरणावर वर्षानुवर्षं खपून, गणितानं चुका दुरुस्त करून खरा आलेख काढला. आज डॉक्टर ज्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी म्हणतात, ती नावंही त्यांचीच.

शेवटी गणिताचा कंटाळा आला म्हणा, त्यांनी स्वतःचं यंत्र बनवलं. चांदीचा मुलामा दिलेला, केसाहून बारीक क्वार्ट्झचा तंतू जबरदस्त चुंबकात ताणून धरायचा. हृदयाचा प्रवाह त्यातून गेला की तो किंचित थरथरतो आणि त्याची सावली फोटोपट्टीवर उमटते. 1901 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. यंत्राचं वजन सुमारे 270 किलो, चालवायला पाच माणसं! दवाखान्यातला रुग्ण यंत्रापर्यंत येणार कसा? 1905 मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेनं ईसीजी प्रयोगशाळेत आणला. टेलिमेडिसिनची ही सुरुवातच म्हणायची.

आता त्वचेकडे येऊ. हृदयाची वीज त्वचेवर पोचेपर्यंत जेमतेम एक मिलीव्होल्ट उरते. त्यात त्वचेचा वरचा मृत पेशींचा कोरडा थर वीज अडवतो. आइंटहोवेन यांनी रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवले. पाण्यानं तो थर भिजतो, मिठाचे आयन वीज वाहून नेतात आणि स्पर्शाचं क्षेत्रफळही मोठं मिळतं. संपर्क अगदी उत्तम, पण माणूस जागेवरून हलायचा नाही! या तीन अवयवांच्या जोड्यांतूनच आजच्या ईसीजीतल्या पहिल्या तीन 'लीड' आल्या.

1924 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या कामात राबलेला त्यांचा साहाय्यक तोवर वारला होता. बक्षिसाच्या रकमेतला वाटा त्यांनी शोधून त्याच्या बहिणींना दिला, असं सांगतात. 29 सप्टेंबर 1927 रोजी लायडेनमध्ये त्यांचं निधन झालं.

पुढे भांडी गेली, पेस्ट लावलेल्या धातूच्या पट्ट्या आल्या, मग चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडच्या जेलच्या चकत्या. जेल म्हणजे खरं तर तेच खारं पाणी, फक्त घट्ट केलेलं. मुंबईच्या आयआयटीत बनलेल्या 'सिलिकॉन लॉकेट'सारखी अंगावर वागवायची ईसीजी यंत्रं आली, तरी त्वचेचा प्रश्न तोच राहिला. जेल वाळतं, नाहीतर गोंद सुटतो. म्हणून आता कोरड्या इलेक्ट्रोडवर काम चालतं. त्याला सुरुवातीला नीट सिग्नल मिळत नाही. खाली थोडा घाम साचला की मिळतो. म्हणजे मिठाचं पाणी शरीरच पुरवतं, आणि मौद्याच्या उन्हाळ्यात त्याची कमी नाही. पट्टी जागेवर धरून ठेवणं मात्र अवघडच. ईसीजीचं स्मार्टवॉच डाव्या मनगटावर बांधून उजव्या हाताचं बोट त्यावर टेकवता, तेव्हा मोजली जाते ती आइंटहोवेन यांची पहिली लीडच: दोन हात, फक्त भांड्यांशिवाय.