खराट्याइतकेच गाडगेही

गतवर्षीप्रमाणे यंदाही या अंकात एका थोर पुरुषाचे चरित्र ज्ञातिबंधु-भगिनींच्या सेवेस सादर करीत आहोत. संत गाडगेबाबांचे नाव न ऐकलेले कुटुंब आपल्यात नसेल. तथापि बाबा म्हटले की हातातील खराटा तेवढा आपणांस आठवतो. दुसऱ्या हातातील गाडग्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. आमच्या अल्पमतीस वाटते की, गृहिणी व गृहस्थ यांनी घेण्यासारखे अधिक काही त्या गाडग्यातच आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूजीस घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामाकडे डेबूजी गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. कष्टात कसूर नव्हती. पण मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली आणि हातची गेली. घामाने पिकविलेले कागदावरच्या आकड्यांत कसे नाहीसे होते, हे त्याने कोवळ्या वयात पाहिले. पुढे आयुष्यभर ऋण काढून सण करणाऱ्यांवर बाबांनी जे कोरडे ओढले, त्यांचे मूळ येथेच असावे.

१८९२ साली कुंताबाईंशी विवाह झाला. मुलीच्या बारशाला दारू व मटणाचे जेवण घालण्याची रीत होती. डेबूजीने ती मोडून गोडाधोडाचे साधे जेवण घातले. भाऊबंद रुष्ट झाले. ज्ञातीत राहून ज्ञातीची रीत मोडणे किती अवघड असते, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको!

दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. सोबत घेतले ते मातीचे एक गाडगे आणि एक काठी. ते गाडगे हेच ताट, तेच पाण्याचे भांडे. वाटेने चालताना तेच डोक्यावर. अंगावर टाकून दिलेल्या चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. लोक कोणी चिंधेबुवा म्हणत, कोणी गोधडेबुवा. वस्त्रे धुऊन त्यांचे आयुष्य वाढविणे हा ज्या समाजाचा पिढीजात व्यवसाय, त्या समाजाच्या या मुलाने चिंधीलाही टाकाऊ मानू नये, यात आम्हांस नवल वाटत नाही. जे इतरांच्या उकिरड्यावर जावयाचे, ते त्यांनी अंगावर धारण केले. भिक्षेत मिळालेली भाकरी गाडग्यात घ्यावी, भूक भागेल तेवढीच खावी, आणि गाडगे धुऊन पुढच्या गावी निघावे, असा क्रम होता.

गावात शिरताच खराटा चाले. गटारे, उकिरडे, देवळाचे आवार झाडता झाडता दिवस जाई. ग्रामस्थ आधी पाहत, मग खजील होऊन हात लावीत. रात्री कीर्तन. त्यात वऱ्हाडी बोलीत प्रश्नांमागून प्रश्न विचारून श्रोत्यांकडूनच उत्तरे वदवून घ्यावयाची त्यांची हातोटी विलक्षण होती. जेवणाची भांडी विकावी लागली तरी चालतील, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलांस शिकवावे, असे ते बजावीत. बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे, कर्ज काढून जेवणावळी घालू नयेत, हेही त्यातच येई.

आज आपल्याकडील लग्नकार्याची सायंकाळ कोणीही आठवून पाहावी. पूर्वी पानावर जेवण होई. ते पान गुरांच्या तोंडी किंवा खताच्या खड्ड्यात जाई. पुढे एकदा वापरून फेकावयाची ताटे आली. २०१८ साली राज्य शासनाने थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, तरी एकदा वापरून फेकावयाची सवय गेलेली नाही. ताटात टाकलेल्या अन्नाचा प्रश्न तर कोणत्याच बंदीने सुटणारा नाही. यजमानाने चार पदार्थ कमी केले तर पाहुणे नावे ठेवतील, ही धास्ती बारशाच्या वेळी डेबूजीपुढेही होतीच. घरी ओला कचरा वेगळा ठेवून कुंडीत खत करणाऱ्या काही भगिनी आपल्यात आहेत. त्यांचे आम्ही मनापासून कौतुक करतो. पण समारंभाच्या दिवशी त्यांचेही काही चालत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

बाबांनी अन्नदान केले ते आंधळ्या-पांगळ्यांस, ज्यांना गावपंगतीत जागा नव्हती त्यांस. ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. हातून लक्षावधी रुपये गेले, पण स्वतःचे बिऱ्हाड त्यांनी कोणत्याही धर्मशाळेत थाटले नाही. कुंताबाई झोपडीतच राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. या कार्याच्या व्यवस्थेसाठी १९५२ साली गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावनजीक पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच त्यांचे देहावसान झाले. घर सोडल्यावर ५१ वर्षांत स्वतःच्या नावावर त्यांनी एकही घर केले नव्हते. शासनाने पुढे २०००-०१ सालापासून ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव दिले. गावोगाव भिंती रंगल्या, चित्रांत बाबांच्या हाती खराटा आला. आणि जेथे चित्रकार जाणता होता, तेथे दुसऱ्या हाती गाडगेही.