वाहिलेली लेखणी

देवाची सेवा करायची तर उपदेशकच झाले पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. जेकब रीस यांनाही तरुणपणी तसेच वाटले होते.

डेन्मार्कमधील रिबे गावी ३ मे १८४९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर होते. रीस सुतारकाम शिकले आणि १८७० साली अमेरिकेस गेले. तेथे काम मिळेना. एका पावसाळी रात्री न्यू यॉर्कच्या पोलीस चौकीत निराश्रितांसाठी असलेल्या खोलीत त्यांनी आसरा घेतला. त्यांच्यामागे आलेल्या मुक्या कुत्र्याला शिपायाने पायरीवर आपटून मारले. ती रात्र ते कधी विसरले नाहीत.

पुढे ब्रुकलिनमध्ये ते एक लहानसे वर्तमानपत्र चालवीत होते. एका मेथडिस्ट पाळकाच्या उपदेशाने त्यांचे जीवन पालटले. आता लेखणी टाकून उपदेशक व्हावे, असे त्यांनी ठरविले. पण पाळकांनीच त्यांना थांबविले. उपदेशक पुष्कळ आहेत, देवाला वाहिलेल्या लेखण्या मात्र थोड्या, असे त्यांनी समजाविले.

१८७७ साली रीस ‘ट्रिब्यून’ पत्राचे बातमीदार झाले. एकदा बर्फ पडत असता ते बातमी घेऊन धावत सुटले आणि थेट संपादकांवर आदळले. संपादक बर्फात पालथे! नोकरी गेली असे रीस यांना वाटले. पण ही तळमळ पाहून संपादकांनी त्यांना मलबेरी स्ट्रीटवरील पोलीस मुख्यालयाच्या बातम्यांवर नेमले.

तेथे ते धंदा शिकले. पहाटे ते गरिबांच्या चाळींतून फिरत. खोलीत किती माणसे निजतात, भाडे किती, हे विचारीत व मोजीत. नुसत्या आकड्याने मन हलत नाही आणि नुसत्या गोष्टीवर विश्वास बसत नाही, म्हणून ते दोन्ही देत. तरीही वाचक हलेनात. १८८७ साली पूड पेटवून अंधारात छायाचित्र घेण्याची युक्ती निघाल्याचे त्यांनी वाचले आणि त्या कोंदट खोल्याच लोकांपुढे पडद्यावर आणल्या. ज्या मंडळीत ते डीकन होते, तिने ही चित्रे दाखवू दिली नाहीत. त्यांनी ते पद सोडले. इतर मंडळ्यांनी दार उघडले. १८९० साली त्यांचे ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक निघाले.

१८९१ साली नगराच्या पिण्याच्या पाण्यात घाण मिसळत असल्याचा त्यांना संशय आला. ते वरच्या अंगाला जाऊन छायाचित्रे घेऊन आले. मग डॉक्टरांना एकच प्रश्न केला : वाहत्या पाण्यात पटकीचे जंतू किती दिवस जगतात? उत्तर आले, सुमारे सात. आणि ते पाणी शहरात पोहोचत होते! पुढे नगराने त्या काठच्या जमिनी विकत घेतल्या.

थिओडोर रूझवेल्ट पोलीस आयुक्त असताना रीस यांनी त्यांना रात्री शहरभर फिरविले. १८९६ साली चौक्यांतील त्या खोल्या बंद झाल्या.

रीस निर्दोष नव्हते. चिनी, इटालियन, यहुदी लोकांविषयी त्यांनी जातवार कठोर शेरे लिहिले. माणूस मोजणाऱ्या डोळ्यांनाही पूर्वग्रह सुटला नव्हता, हेही आपण शिकावे. २६ मे १९१४ रोजी ते निवर्तले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, मुलांना शेजाऱ्याची गोष्ट सांगण्याआधी त्या शेजाऱ्याच्या दारी एकदा जाऊन या. रीस यांची सारी विद्या तेथूनच सुरू झाली.