एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा

शिडाच्या लहानशा गलबतातून, सोबतीला एकही माणूस न घेता, सर्व पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा पहिला मनुष्य म्हणून जोशुआ स्लोकम याचे नाव नौकानयनाच्या इतिहासात अमर झाले आहे. त्याच्या धाडसाचे वर्णन अनेकांनी केले आहे. परंतु वाटेतील बंदरांत ज्या स्नेह्यांनी त्याला हात दिला, त्यांना वगळले तर ही कथा अर्धीच राहते.

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. घरी भावंडे अकरा. वडिलांनी शेती सोडून बूट शिवण्याचा धंदा पत्करला आणि दहा वर्षांचा जोशुआ शाळा सोडून त्यांच्या हाताखाली बसला. मन मात्र समुद्राकडे धावे. त्याने लपूनछपून लाकडाचे एक लहान जहाज कोरले होते; ते दृष्टीस पडताच वडिलांनी रागाने फोडून टाकले. पुढे १८६० साली आई वारली आणि सोळा वर्षांचा जोशुआ कायमचा समुद्रावर गेला.

साध्या खलाशापासून चढत चढत तो कप्तान झाला. १८७१ साली सिडनी येथे व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी त्याचा विवाह झाला. ही धीराची स्त्री प्रत्येक सफरीत त्याच्याबरोबर असे. जहाज हेच तिचे घर झाले. १८८४ साली ब्यूनोस आयरेस बंदरात तिचा अंत झाला. तीन वर्षांनी ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचे जहाजही फुटले. स्लोकमने तेथेच स्वतःच्या हातांनी ३५ फुटांची नौका बांधली आणि दुसरी पत्नी व मुले यांना घेऊन १८८८ साली तो अमेरिकेत सुखरूप परतला.

परंतु तोवर काळ पालटला होता. वाफेची जहाजे आली आणि शिडाच्या जहाजांवरील कप्तानांना कोणी विचारीना. १८९२ च्या सुमारास स्लोकम बोस्टनमध्ये बेकार होता. अशा वेळी एबेन पिअर्स नावाच्या वृद्ध कप्तानाने त्याला एक गलबत देऊ केले. फेअरहेवन येथे जाऊन पाहतो तो एका कुरणात, कापडाखाली झाकलेला एक जीर्ण सांगाडा! दुसरा कोणी असता तर थट्टा समजून परत फिरला असता. स्लोकमने मात्र हाती कुऱ्हाड घेतली आणि जवळचे ओकचे झाड तोडून कामाला आरंभ केला. गावातील म्हातारे देवमासेमार येत, काम न्याहाळीत, गप्पा मारीत आणि आपले मत देत. तेरा महिन्यांनी, ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून, सुमारे ३७ फूट लांबीचे 'स्प्रे' गलबत पाण्यात उतरले.

२४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्याने बोस्टन सोडले. वेळ पाहण्यासाठी जवळ होते एक डॉलरचे पत्र्याचे घड्याळ. त्याला पोहताही येत नव्हते. अटलांटिकवर एकांत इतका दाट झाला की आपली वाचा जाईल, या भीतीने तो मोठ्याने हुकूम सोडी. पण उत्तर देणारे कोणी नव्हते.

जिब्राल्टरला ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यांनी त्याचे आतिथ्य केले आणि भूमध्यसागरातील चाच्यांविषयी सावध केले. त्यांचा सल्ला मानून त्याने आपला सर्व बेत बदलला व पुन्हा पश्चिमेची वाट धरली. १८९६ च्या आरंभी तो ब्यूनोस आयरेसला पोहोचला. ज्या बंदरात तो व्हर्जिनियाला मुकला, तेथे आता तो तिच्यावाचून आला होता. पुढील वादळांचा विचार करून त्याने येथे डोलकाठी आखूड केली.

दक्षिणेस पुंटा अरेनास येथे सॅम्ब्लिच नावाच्या कप्तानाशी त्याची ओळख झाली. या भल्या माणसाने गालिचे ठोकण्याच्या टोकदार खिळ्यांची एक पिशवी त्याच्या हाती ठेवली. ही भेट चमत्कारिक खरी. परंतु मॅगेलनच्या सामुद्रधुनीत स्लोकम ते खिळे डेकवर पसरून झोपे. एका रात्री लुटारू अनवाणी पायांनी वर चढले आणि किंकाळ्या फोडीत समुद्रात उड्या टाकून पळाले! एका मित्राची दूरदृष्टी येथे पहारेकऱ्याचे काम करून गेली.

स्नेह घेताना तो देण्यासही चुकला नाही. हुआन फर्नांडेझ बेटावरील लोकांना त्याने तळलेल्या गोड वड्या करून खाऊ घातल्या व त्या करावयास शिकविल्या. तेथून बहात्तर दिवस कोठेही न थांबता तो सामोआला गेला. तेथे ग्रंथकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याच्या विधवा पत्नीने आपल्या पतीच्या संग्रहातील नौकानयनाचे मार्गदर्शक ग्रंथ त्याला अर्पण केले. सेंट हेलेना बेटावर तर एका गृहस्थाने सोबतीसाठी बोकड दिला. या सोबत्याने वेस्ट इंडीजचा नकाशाच फस्त केला, तेव्हा स्लोकमने त्याला पुढच्या बेटावर उतरवून दिले. स्नेह्यांची प्रत्येक देणगी सोयीची असतेच असे नाही!

२७ जून १८९८ रोजी 'स्प्रे' न्यूपोर्ट बंदरात परतले. तीन वर्षांहून अधिक काळ आणि सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास झाला होता. १९०० साली त्याचे प्रवासवर्णन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि बूट शिवणाऱ्याच्या या अल्पशिक्षित मुलाची लेखक म्हणूनही कीर्ती झाली.

जमिनीवर मात्र त्याचे मन रमले नाही. उतारवयात तो पुन्हा एकटाच 'स्प्रे' घेऊन दक्षिणेकडे निघाला आणि परत आला नाही. १९२४ साली कायद्याने त्याला मृत ठरविण्यात आले.

विद्यार्थिमित्रहो, स्लोकमच्या गलबतावर माणूस एकच होता, हे खरे. पण पिअर्सचा सांगाडा, सॅम्ब्लिचचे खिळे आणि स्टीव्हन्सनबाईंचे ग्रंथ हेही त्या गलबतावर होते. सुकाणू एकट्याने धरता येते. परंतु पृथ्वीची प्रदक्षिणा अनेकांच्या सद्भावनेवाचून पुरी होत नाही.