हेलन टॉसिग : बोटांनी हृदय ऐकणाऱ्या डॉक्टर आणि त्यांची 'निळी बाळं'

ओठ निळे, नखं निळी. चार पावलं चाललं की धाप लागायची आणि मूल उकिडवं बसायचं. १९४४ पूर्वी अशा 'ब्लू बेबी'च्या आईवडिलांना देण्यासारखं डॉक्टरांकडे फारसं काही नव्हतं. हे चित्र बदललं, त्यामागे डॉ. हेलन टॉसिग यांचं एक निरीक्षण होतं.

टॉसिग यांचा जन्म १८९८ सालचा, अमेरिकेतल्या केंब्रिजचा. वडील हार्वर्डमध्ये अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक, पण मुलीला अक्षरंच लागेनात. तिला डिस्लेक्सिया होता. वडिलांनी स्वतः शिकवून तिला वाचतं केलं. ती ११ वर्षांची असताना आई क्षयाने गेली. पुढे हार्वर्डचं मेडिकल कॉलेज मुलींना पदवी देत नाही म्हणून त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेल्या आणि १९२७ साली डॉक्टर झाल्या.

१९३० मध्ये लहान मुलांच्या हृदयरोगाचा दवाखाना त्यांच्याकडे आला. तोवर त्यांना ऐकू येणं कमी होऊ लागलं होतं. हृदयाच्या डॉक्टरला स्टेथोस्कोप ऐकू येत नसेल तर काय करायचं? त्या मुलाच्या छातीवर हात ठेवून ठोके बोटांनी ओळखायला शिकल्या आणि ओठांच्या हालचालीवरून समोरच्याचं बोलणं समजून घेऊ लागल्या.

इथेच त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जन्मानंतर सहसा बंद होणारी हृदयाजवळची एक रक्तवाहिनी काही निळ्या बाळांमध्ये उघडी राहायची, आणि ती उघडी असेपर्यंत बाळ बरं असायचं. मग तशीच वाट शस्त्रक्रियेने तयार केली तर? सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांना ही कल्पना पटली. त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत त्याचं तंत्र बसवलं. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. ती मुलगी काही महिन्यांनी गेली, पण नंतरच्या एका मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. शस्त्रक्रियेला ब्लॅलॉक-टॉसिग असं नाव मिळालं. थॉमस यांचं नाव त्यात नव्हतं, हे आजही खटकतं.

टॉसिग यांचं खरं वेगळेपण मात्र त्यानंतरचं आहे. शस्त्रक्रिया झाली म्हणून त्यांनी मुलाची फाइल बंद केली नाही. ही मुलं मोठी झाली, तरी त्या पुढची अनेक वर्षं त्यांची खबर घेत राहिल्या.

मुलं जगू लागली, तेव्हा पुढचे प्रश्न दिसू लागले. त्यातला एक बोलण्याचा. गंभीर जन्मजात हृदयरोग असलेल्या काही मुलांचे पहिले शब्द उशिरा येतात, वाक्यं उशिरा जुळतात. कारण एकच नसतं. काहींच्या मेंदूला गर्भात असल्यापासूनच ऑक्सिजन कमी मिळतो. मोठी शस्त्रक्रिया, आयसीयूतले दिवस, नळीने दूध, यांचाही परिणाम होऊ शकतो. जे महिने आईशी हुंकार देत घालवायचे, ते मॉनिटरच्या आवाजात जातात. काही मुलांना ऐकूही कमी येतं, म्हणून कानांची तपासणी टाळू नये.

टॉसिग १९६५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्याच संस्थेने २०१२ साली सुचवलं, की धोका जास्त असलेल्या अशा मुलांच्या विकासाची नियमित तपासणी व्हावी. त्यात भाषाही येते. म्हणजे हृदय दुरुस्त झालेलं मूल दीड वर्षाचं होऊनही एकही अर्थाचा शब्द बोलत नसेल, तर बोलेल हळूहळू म्हणत थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना विचारावं. स्पीच थेरपी लवकर सुरू झालेली बरी.

२० मे १९८६ रोजी मोटार अपघातात टॉसिग यांचं निधन झालं. ८८ व्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते.